बारा चाळीची रेती

रविवारी काळ्या वाटेवर नुसती झुंबड असते. नागपूरहून पहिल्या गाडीने लोक येतात, जंक्शनवर सायकली भाड्याने घेतात आणि सुटतात! एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला पळसाची रांग, आणि चाकांखाली जुन्या रेल्वे-साइडिंगचा बांध. त्या बांधावरून एके काळी कोळशाचे डबे धडधडत जायचे. खाण बंद पडली, रूळ उपसले, खडी दाबून वर काळा गुळगुळीत थर दिला, झाली काळी वाट. वाट संपते ती पिंपळझरीला. आणि पिंपळझरीला बघायला काय? तर चौपाटी! समुद्र कुठे आणि चंद्रपूर कुठे, पण खाणीतलं पाणी पंपाने उपसून जिथे कालव्यात धबाधबा सोडतात ना, तिथे दोन वर्षांत पांढऱ्याशुभ्र रेतीचा असा काही पट्टा तयार झाला होता की लोक चपला हातात घेऊन चालायचे आणि फोटो काढून थकायचे.

"मोने! ए कानवाली! हात लाव नं जरा!"

अंकुश ओरडत होता. मोनालीचा मोठा भाऊ. डोक्यावर टोपी, एका हातात झारा, दुसऱ्या हाताला तीनच बोटं. दोन बोटं पुण्याच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसखाली गेली होती. चौपाटी झाली म्हणून तो परत आला आणि भज्यांचा ठेला टाकला. आता रविवारी त्याला मान वर करायला सवड नसायची.

"दादा, मी ड्युटीवर आहे."

"कायची ड्युटी? जमिनीले कान लावून बसते अन् पगार घेते. घे, कांदा चीर."

शेजारच्या ठेल्यावरची मल्लक्का खो खो हसली. "कानवाली बाई, माह्या नवऱ्याचं घोरणं ऐकू येते का गं तुले?"

"येते नं मल्लक्का. तुझं पण येते."

हे 'कानवाली' प्रकरण असं होतं. काळ्या वाटेच्या पोटात, वीतभर खोल, केसासारखी बारीक काचेची तार पुरलेली होती. तारेच्या एका टोकातून लेसरचे ठिपके सोडायचे, सेकंदाला हजारो. वाटेत काचेत जिथे जिथे बारीकसा दोष असतो, तिथून थोडा थोडा उजेड माघारी फिरतो. वरून कुणी गेलं की जमीन हलते, जमीन हलली की तार कणभर ताणली जाते, आणि माघारी येणारा उजेड कणभर बदलतो. त्या बदलावरून यंत्राला कळतं की इथून सायकल गेली, इथून म्हैस गेली, इथे कुणीतरी आपटलं. म्हणजे अख्खी वाट हाच एक लांबलचक कान. वाट मंडळाने तो बसवला होता अपघात झाला तर लगेच कळावं म्हणून. त्याची देखभाल मोनालीकडे. पॉलिटेक्निक केलेली, सत्तावीस वर्षांची, बारीक, आणि एकदा डोक्यात काही शिरलं की न सोडणारी.

पण कानाचा खरा चमत्कार पुढेच होता. टरबूज घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. भरीव असेल तर एक आवाज, पोकळ असेल तर दुसरा. आता एकेक सायकल म्हणजे जमिनीवर मारलेली एकेक टिचकी समजा. त्या टिचकीची लाट जमिनीतून पसरते. भरीव जागी ती झपझप जाते, पोकळीवर आली की अडखळते, मागे रेंगाळते. एका सायकलीने काही कळत नाही. पण लाखो सायकली गेल्या, आणि यंत्राने त्या सगळ्या टिचक्या एकावर एक रचल्या, की खालच्या जमिनीचं चित्र उमटायला लागतं. डॉक्टर पोटाचं काढतात ना, अगदी तसं. मंडळाने उन्हाळ्यात हे नवं गणित यंत्रात घातलं आणि मोनालीला सांगितलं, बघ काय दिसतंय.

त्या रविवारी कांदे चिरून, हात धुऊन, ती रेल्वेच्या जुन्या केबिनमध्ये स्क्रीनपुढे बसली. आठवड्याचं चित्र तयार झालं होतं.

वाटेखाली सगळं हिरवं. हिरवं म्हणजे भरीव. ते तिला माहीतच होतं. खाणवाले रेल्वेखालचा कोळसा कधीच काढत नसत. रूळ खचायला नको म्हणून तिथे कोळशाचे खांब तसेच सोडायचे.

पण वाटेला एक फाटा होता, बारा चाळीच्या गल्लीतून फिरून येणारा. बारा चाळ म्हणजे खाण-कामगारांची जुनी वस्ती. पर्यटक जेवायला, राहायला तिथेच जायचे, म्हणून मंडळाने फाटा काढला आणि तार तिथूनही नेली. त्या फाट्याखाली चित्र काळं होतं. नुसता ठिपका नाही, हातपाय पसरून झोपलेल्या जनावरासारखं काळं. मल्लक्काच्या घराखालून सुरू होऊन अंकुशच्या अंगणाखालून पलीकडे गेलेलं.

मोनालीने मागच्या महिन्याचं चित्र काढलं. जनावर लहान होतं. त्याच्या मागच्या महिन्याचं काढलं. आणखी लहान.

ते वाढत होतं.

*

"येडी झाली का तू?" लिंगाजी म्हणाले.

लिंगाजी कोडापे, मोनालीचे बाबा. खाण चालू होती तेव्हा खाली रेती भरायच्या टोळीचे मुकादम. बाप-लेक दोघं स्टेशनजवळच्या खोलीत राहायचे. अंकुश बायकोमुलीला घेऊन बारा चाळीत.

"बारा चाळीखाली पोकळ? अगं, मी भरलं ते! ह्या हातानं!"

आणि मग ते सांगायला लागले. हजारदा सांगितलेलं, पण सांगताना प्रत्येक वेळी छाती फुगायचीच. वस्तीखालचा कोळसा काढला तर जागा मोकळी ठेवायची नाही असा नियम. नदीची रेती आणायची, पाण्यात कालवायची, आणि वरून पाइपातून खाली सोडायची. खाली बांबूचे तट्टे आडवे लावलेले. पाणी तट्ट्यातून गळून जायचं, रेती मागे बसायची. घट्ट. छतापर्यंत. तट्टे विणायच्या वस्तीतल्याच बाया, आणि त्यांच्यात सगळ्यात नेटकं काम मोनालीच्या आईचं.

"तुही माय प्रत्येक तट्ट्यात एक पट्टी लाल रंगवून टाके. मधोमध. तेलाचा रंग, खाणीतूनच मागून आणे. म्हणे, तुम्ही खाली असता, एखादी पट्टी तरी माह्याकडची सोबत असू द्या."

"माहीत आहे बाबा."

"मंग? दुसऱ्या टोळीनं कामात चोरी केली असंल. लिंगाजीच्या टोळीनं नाही. पोकळ कसं होईल? रेती काय पाय फुटून गेली?"

ते 'पाय फुटून' मोनालीच्या डोक्यात अडकलं ते अडकलंच. दोन वर्षांपूर्वी कालव्यात बोटी चालवायच्या म्हणून मंडळाने खाणीत मोठा पंप बसवला. जुना पंप पाणी उपसायचा, हा पाणी ओढायचा. आणि चौपाटी कधी झाली? दोन वर्षांपूर्वी.

"बाबा, उठा. चला चौपाटीवर."

लिंगाजी चौपाटीवर कधीच जात नसत. "बिनकामाचे लोक लोळतात तिथं," म्हणायचे. त्या दिवशी लेकीने हाताला धरून नेलं. संध्याकाळची गर्दी ओसरलेली, अंकुश ठेला आवरत होता. लिंगाजींनी वाकून मूठभर रेती उचलली, बोटांत चोळली, तळहातावर पसरली. मग थोडी जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"नदीची आहे," ते म्हणाले.

"खाणीतल्या पाण्यातून नदीची रेती कशी येईल बाबा?"

ते मल्लक्काच्या ठेल्याकडे बघत होते. मल्लक्काने ठेल्याला शोभा म्हणून काय काय टांगलं होतं, शिंपले, रंगीत बाटल्या, चिंध्यांचे झुंबर. आणि मधोमध बांबूच्या विणीचा एक तुकडा, पाण्यात राहून काळाठिक्कर पडलेला, ताटाएवढा. त्यातून एक पट्टी आडवी गेलेली. रंग उडालेला, पण दिसत होता. लाल.

"हे कुठं भेटलं?" लिंगाजींनी विचारलं.

"रेतीत भाऊ," मल्लक्का म्हणाली. "पंपाच्या तोंडाशी लय येतात असे तुकडे. हा बरा दिसला म्हणून टांगला. पाहिजे का?"

तिने काढून दिला. लिंगाजींनी तो दोन्ही हातांत धरला. खोलीत आल्यावर तो तुकडा देवाच्या फळीवर ठेवला, बायकोच्या फोटोशेजारी, आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मोनालीला वाटलं, आता बाबा आपल्या बाजूला आहेत. तिने त्याच संध्याकाळी अहवाल पाठवला. पंप थांबवा, तट्टे कुजलेत, पाण्यासोबत भरलेली रेती वर येऊन राहिली आहे, बारा चाळीखाली पोकळी वाढते आहे, वस्ती हलवा.

*

मंडळाने अर्धं ऐकलं. पंप थांबवला. वस्ती हलवायचं बघू म्हणाले, आधी कान आणखी महिनाभर ऐकू दे, खात्री होऊ दे.

पंप थांबला आणि कालवा आटला. चिखल उघडा पडला, मासे मेले, वास सुटला. बोटी चिखलात तिरक्या. चौपाटीवर पाणीच नाही तर चौपाटी कसली, नुसता रेतीचा ढिगारा. पुढच्या रविवारी चार सायकलवाले आले, नाक दाबून परत गेले.

अंकुश तडक केबिनमध्ये आला. मागे त्याची बायको शीतल, कडेवर लेक चिऊ.

"तू केलं हे?"

"दादा, बस. तुला चित्र दाखवते."

"चित्र नको दाखवू मले! बंद ठेला दाखवू का मी तुले?" त्याने तीन बोटांचा हात तिच्या तोंडासमोर धरला. "पुण्याले परत जाऊ का? आठ उरलेत. ते पण देऊन येतो मशीनले. मंग तुह्या कानाले बरं वाटंल?"

"तुझ्या अंगणाखाली पोकळ आहे दादा. चिऊ झोपते तिथे. खाली काहीच नाही."

"कोण म्हणते?"

"कान म्हणते."

"अन् कानाले कसं समजते?"

आता ही चूक मोनालीचीच. तिला वाटलं, समजावून सांगितलं तर समजेल. तिने टरबुजाचं सांगितलं, टिचकीचं सांगितलं, सायकलींची लाट कशी जाते ते सांगितलं. अंकुशने शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हणजे टिचकीच नाही बसली, तर?"

"तर दिसत नाही काही."

"अस्सं," अंकुश म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा चाळ कामाला लागली. खाणवस्तीत प्रत्येक अंगणात कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयरच्या जुन्या पट्ट्याचे तुकडे असतात. बोटभर जाड रबर. कुणी गोठ्यात अंथरतं, कुणी न्हाणीत, कुणी छपरावर. वस्तीने ते सगळे तुकडे काढले. गोठे उघडे केले, छपरं उघडी केली, आणि फाट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रबर अंथरलं. दोन थर. म्हातारे, बायका, पोरं, सगळे लागले होते. खाणीत असताना जसे एका दमात माल ओढायचे तसे "हुप्प!" करून पट्टे ओढत होते. हसत होते! सण असल्यासारखे.

मोनाली गल्लीत धावत गेली. "अरे काय करता? त्यानं पोकळी भरणार आहे का? फक्त दिसायची बंद होईल!"

"दिसंल नाही तर मंडळ हाकलणार नाही," मल्लक्का पट्टा दाबत म्हणाली. "घर आमच्या नावावर नाही बाई. कंपनीची जागा. इथून उठलो की आम्ही कुठले? तू स्टेशनजवळ राहते. तुह्या घराखाली कोळशाचा खांब आहे. तुले बोलायले काय जाते?"

ते खरं होतं.

महिना संपला. स्क्रीनवर बारा चाळीच्या जागी ना हिरवं ना काळं, नुसतं करडं. कानात बोळा घातल्यासारखं. मंडळाचं पत्र आलं की माहिती अपुरी आहे, गावात सभा घेऊ, जुन्या जाणत्या कामगाराची साक्ष घेऊ आणि ठरवू.

जाणता कामगार कोण? बारा चाळीखाली कुणी भरलं? एकच माणूस उरला होता.

*

सभा जुन्या कॅन्टीनच्या पत्र्याखाली. अख्खी वस्ती आलेली. मंडळाचे बन्सोड सर घाम पुसत खुर्चीत.

निघण्याआधी मोनाली देवाच्या फळीकडे गेली. तो तट्ट्याचा तुकडा न्यायचा होता, सगळ्यांना दाखवायचा होता, ही बघा आईची पट्टी, ही खालून वर आली. फळीवर तुकडा नव्हता.

"बाबा, तट्टा कुठे आहे?"

"असंल इथंच," लिंगाजी कोट घालत म्हणाले. "चल. उशीर होते."

तिला वाटलं, बाबांनीच घेतला असेल, खिशात असेल, तेच दाखवतील. ती सभेत पहिल्या रांगेत बसली. खूश होती हो! बाबा उठतील, बोलतील, आणि लिंगाजी मुकादमाचा शब्द बारा चाळीत कोण मोडणार?

लिंगाजी उठले. सगळा गलका थांबला. समोर अंकुश उभा होता, खांद्यावर चिऊ, आणि चिऊचा पाय त्याने त्या तीन बोटांनी धरला होता.

"कोडापे, बारा चाळीखाली रेती तुमच्या टोळीने भरली?" बन्सोड सरांनी विचारलं.

"होय साहेब."

"पूर्ण?"

"छतापर्यंत."

"आणि आज? तुमच्या मते आज खाली काय आहे?"

लिंगाजींनी मोनालीकडे बघितलंच नाही. ते चिऊच्या पायाकडे बघत होते.

"भरीव आहे," ते म्हणाले. "लिंगाजीनं भरलं ते भरलं."

पत्रा उडेल अशा टाळ्या पडल्या. अंकुशने बापाला मिठी मारली. मल्लक्का रडली. बन्सोड सरांनी सही केली. दुसऱ्या दिवशी पंप सुरू.

मोनाली घरी आली. फळी रिकामीच होती. तिने पाणी तापवायच्या चुलीतली राख विस्कटली. कोपऱ्यात बांबूचं एक जळकं टोक होतं, अंगठ्याएवढं. एका बाजूला रंगाचे फोड आलेले. लाल.

लिंगाजी दारात उभे होते.

"तुम्ही आईचा तट्टा जाळला," ती म्हणाली.

"कालवा सुकला तर अंकुश पुण्याले जाईल."

"आणि जमीन खचली तर?"

"तो आधी गेला तवा मी रोज फोनची वाट पाह्यली, मोने. फोन आला तवा दोन बोटं गेलेली होती. पुढचा फोन कायचा येईल? जमीन आज खचंल, नाहीतर दहा वर्षानं, नाहीतर खचणारच नाही. तुह्या कानाले तरी माहीत आहे का?"

नव्हतं. कानाला पोकळी दिसत होती, दिवस दिसत नव्हता. हीच तर बोंब होती.

"चिऊ तिथे झोपते बाबा."

"माहीत आहे मले," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.

*

आठवड्याभरात लिंगाजींनी नवीनच टुमणं काढलं. स्टेशनजवळच्या खोलीत उकडतं म्हणे. बारा चाळीत कालव्याचा वारा येतो म्हणे. गुडघे दुखतात, चौपाटीच्या रेतीत शेकायचे म्हणे. अंकुशला म्हणाले, तू इकडे ये, मी तुह्या घरात जातो. इथून जंक्शन जवळ, गिऱ्हाइक आधी तुह्याकडे येईल.

"बाबा, तुम्हाले अन् चौपाटी?" अंकुश हसला.

"म्हाताऱ्याची हौस समज."

शीतलला तर हवंच होतं. स्टेशनजवळ शाळेची रिक्षा दारात यायची. दोन फेऱ्यांत घर बदललं. चिऊ आत्याजवळ झोपायला मिळणार म्हणून नाचत होती. लिंगाजींनी स्वतःची खाट, एक ट्रंक आणि बायकोचा फोटो हातगाडीवर घातला आणि बारा चाळीत गेले. अंकुशच्या अंगणात, बरोबर जिथे चित्रात जनावराचं पोट होतं, तिथे खाट टाकली. लेकीने ती जागा त्यांना कधी दाखवली नव्हती. त्यांना दाखवायची गरजही नव्हती.

मोनालीला सगळं कळलं. बापाने मुलगा उचलून कोळशाच्या खांबावर ठेवला होता, आणि त्याच्या जागी स्वतः जाऊन झोपला होता. बोलायचं काय? चिऊ वाचली होती. ती रोज सकाळी उठून चिऊची वेणी घालायची आणि गप्प राहायची. हो, गप्प. आपली माणसं पक्क्या जमिनीवर आली की माणूस किती सहज गप्प राहतो, याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटायचं.

आता पंचाईत बघा. सभेत टाळ्या वाजवल्या तरी बारा चाळीतल्या लोकांच्या मनात खुट्ट होतंच. जमिनीखालची माणसं ती, त्यांना पोकळ म्हणजे काय ते कळत होतं. दोन घरं हळूच नातेवाइकांकडे गेली होती. मल्लक्कानेही मुलीकडे बल्लारपूरला सामान हलवलं होतं. दिवसा ठेला लावायची आणि संध्याकाळच्या गाडीने जायची. कुणी बोलत नव्हतं, पण वस्ती आपली आपण हलकी व्हायला लागली होती. थोडं थांबलं असतं तर कदाचित निम्मी रिकामी झाली असती.

आणि तेवढ्यात लिंगाजी मुकादम स्वतः तिथे राहायला आला! स्टेशनजवळची पक्की खोली सोडून!

बातमी गल्लीभर झाली. अरे, ज्यानं भरलं तोच वर झोपून राहिला. आणखी कायची साक्ष पाहिजे? लोकांनी रबराचे पट्टे उचलले आणि परत गोठ्यात, छपरावर टाकले. आता कानाला भ्यायचं कारणच काय?

फाट्यावरून पुन्हा सायकली वाजायला लागल्या, टिचक्या बसायला लागल्या, आणि स्क्रीनवरचं करडं विरून चित्र परत आलं. जनावर उठून बसलं होतं. मल्लक्काच्या घराखाली त्याची पाठ खालून वरच्या जमिनीला टेकायला आली होती. मोनालीने चित्र पाठवलं. मंडळाकडून उत्तर आलं की मुख्य मार्ग पूर्णपणे भरीव असून सायकलस्वारांना कोणताही धोका नाही, आपल्या तत्परतेबद्दल आभार.

मुख्य मार्ग. ज्याच्याखाली रेल्वेसाठी कोळसा सोडला होता तो. डब्यांची काळजी तेव्हाही होती, सायकलींची आताही होती.

तिने ते वाचलं, खुर्ची मागे ढकलली आणि बारा चाळीकडे सायकल मारली. यावेळी टरबूज नाही, लाटा नाहीत. यावेळी फक्त एक वाक्य सांगायचं होतं, आणि ते सांगितलं की बाप उभ्या गावात खोटा ठरणार होता. आणि अंकुश? अंकुशला कळणार होतं की आपल्याला वाचवून बाकीच्यांना ठेवलं. तो बापाचं तोंड बघेल की नाही कोण जाणे. हे सगळं तिला फाट्यावर येईपर्यंत ठाऊक होतं, आणि तरी ती पॅडल मारत होती.

गल्लीत हातगाडी उभी होती. मल्लक्का सामान उतरवत होती. गादी, पंखा, भांड्यांचं पोतं, आणि सागवानी खाट, लग्नातली.

"मल्लक्का! तू परत आली?"

"मंग काय करू? जावयाच्या घरी किती दिवस काढू?" मल्लक्का घाम पुसत हसली. "तुहा बाप इथं झोपते नं. त्याच्यापेक्षा माह्या जिवाची काय किंमत जास्त आहे?"

लिंगाजी समोरच अंगणात खाटेवर बसले होते. हातगाडी आल्यापासून ते बघत असणार. तोंडाचा रंग उडालेला होता.

"बाबा सभेत खोटं बोलले," मोनाली म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. गल्ली थांबली. हातगाडीवाला थांबला, पाणी भरणाऱ्या बाया थांबल्या, भाड्याच्या सायकलीवरचं एक जोडपंसुद्धा पाय टेकून थांबलं.

"खाली काही नाही. बाबांना माहीत आहे. चिऊला इथून काढायचं म्हणून ते इथे आले. तू नको राहू मल्लक्का. विचार त्यांना."

मल्लक्काने खाटेचा पाय सोडला. ती वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं.

"खरं का हो, भाऊ?"

लिंगाजी उठले. मोनालीने त्यांच्याकडे बघितलं, आणि यावेळी त्यांनीही तिच्याकडे बघितलं, चांगलं डोळ्यांत डोळे घालून. ओठ हलले. मग नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. चौपाटीवरून अंकुशचं ओरडणं ऐकू येत होतं, "गरमागरम! गरमागरम!" पंपाचं पाणी धबाधबा पडत होतं. पोरं रेतीत किल्ले करत होती. दोन्ही हातांनी उपसून उपसून.

लिंगाजी अंगण ओलांडून आले. लेकीच्या शेजारून, तिला धक्का न लागू देता, हातगाडीपाशी गेले. वाकले, आणि सागवानी खाटेचं एक टोक उचललं.

"जड आहे," ते मल्लक्काला म्हणाले. "दुसरीकडून धर. कोणत्या भिंतीले लावू?"